वेगळ्या चुलीचा नवा

टांझानियातल्या ज्या गावात आम्ही राहतो, तिथे पहिल्याच हंगामात माझ्या नवऱ्याविषयी एक अफवा पसरली. गोंदियाहून आणलेला हा माणूस राइस मिल चांगली चालवतो, पण त्या मिलचा भात स्वतः खात नाही. अफवा एरवी अर्धीमुर्धी तरी खोटी असते. ही पूर्ण खरी होती.

नवरा मिलचा ऑपरेटर. गोंदियात एवढं सांगितलं की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही, कारण प्रत्येकाच्या नात्यात एक तरी माणूस मिलमध्ये असतोच. एका टोकाला धान ओतायचं, दुसऱ्या टोकाला तांदूळ पडतो, मधल्या भागाचं सगळं या माणसाच्या कानावर चालतं. पट्टा सैल झाला की तो जेवता जेवता थांबतो. लग्न नवं होतं तेव्हा मला वाटायचं, किती मन लावून माझं बोलणं ऐकतोय. तो मिल ऐकत असायचा.

आम्ही गोंदियाला लागूनच कुडव्याला राहायचो. भाड्याच्या दोन खोल्या, खाली मोबाइल रिचार्जचं दुकान. तो सकाळी गाडीवर मिलला जायचा आणि मी बी.एस्सी. होऊन मुलांच्या शिकवण्या घ्यायची. गणित, विज्ञान आणि आयांचा आग्रह म्हणून भूगोलही. खरं घर मात्र दवनीवाड्याला. तिथे सासूबाई, मोठे दीर, जाऊ, त्यांची मुलं आणि एकत्र शेती. मिल बंद असली की आम्ही दवनीवाड्याला जायचो आणि परतताना गाडीच्या मागे तांदळाचं पोतं बांधून आणायचो. कुडव्यात मी विकतचा तांदूळ कधी शिजवला नाही.

त्या घरात वर्षाचा पहिला तांदूळ कुणी उगीच खात नाही. हलकं धान आधी निघतं. त्याचा थोडा तांदूळ काढून सासूबाई भात रांधतात, देवापुढे ठेवतात, गेलेल्यांचा वाटा बाजूला काढतात आणि मग सगळ्यांना चुलीसमोर ओळीने बसवून एकेकाच्या हातावर पहिला घास देतात. मोठ्यापासून लहानापर्यंत. याला नवा म्हणतात. नवा होईपर्यंत नव्या तांदळाचा दाणा तोंडात घालायचा नाही. नवरा गोंदियाच्या मिलमध्ये नव्या धानाच्या राशीशेजारी बसून जुन्या तांदळाचा डबा खायचा, आणि त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं. आणखीही काही कामगारांच्या घरी तेच होतं.

नव्याचा अर्थ घासापुरता नव्हता. माझे चुलतसासरे वेगळे निघाले तेव्हा शेताच्या वाटण्या व्हायला बरीच वर्षं गेली. पण निघाले त्याच वर्षी त्यांच्या बायकोने आपल्या चुलीवर आपला नवा केला आणि गावाने त्या दिवसापासून त्यांना वेगळं धरलं. पुढे ते दिवाळीला यायचे ते भाऊ म्हणून नाही, पाहुणे म्हणून. आम्ही कुडव्याला राहूनही वेगळे नव्हतो. तांदूळ दवनीवाड्याचा होता आणि नवा सासूबाईंच्या हातचा.

मग आफ्रिकेचं निघालं. मिलला मशिनरी बसवून देणाऱ्या एका माणसाच्या ओळखीतून. तिकडे नवी मशीन बसली होती आणि ती चालवणारा कुणी नव्हता. नवऱ्याने मला विचारलं, "जायचं का?" आणि मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाले. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी तयार झाले. मला बघायचं होतं, एवढंच. तोवर माझं सगळं जग बालाघाटपासून नागपूरपर्यंत होतं.

सासूबाईंना सांगायला गेलो तेव्हा त्या जवस भाजत होत्या.

"तिकडचे लोक भात खातेत का?" त्यांनी विचारलं.

"खातेत न, आई. भाताचंच गाव हाय ते."

"मंग ठीक हाय." थोडा वेळ जवस हलवून त्या म्हणाल्या, "अन् नव्याचं कसं?"

"दिवाळीले सुट्टी हाय. तुह्याच हातचा खातो. त्याच्या अगुदर नवा तांदूर तोंडात घालत नाई."

हे त्याने मला न विचारता कबूल केलं, आणि मलाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. विषुववृत्त ओलांडलं की पिकाचे महिने बदलतात, इकडे परे, म्हणजे धानाची रोपं, टाकतात तेव्हा तिकडे कापणी चालू असते, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. नवऱ्याच्या आलं नाही ते समजू शकते. भूगोल मी शिकवत होते.

संक्रांतीनंतर निघालो. सासूबाईंनी जवसाची चटणी, लाखोळीची डाळ, पोहे आणि तांदूळ बांधून दिला. भाताच्या गावाला तांदूळ घेऊन जाणारे आम्ही दोघंच असू. विमानात जेवण आलं त्यात भात होता. नवऱ्याने एक शीत बोटावर घेऊन निरखलं, दाबून पाहिलं, "कणी जास्त हाय" म्हणाला आणि सगळा खाल्ला. पुढे दिवसभराची बस. खिडकीतून मका दिसला, सूर्यफूल दिसलं, लाल माती दिसली. मग डोंगर उतरल्यावर बांध घातलेली शेतं लागली आणि नवरा पहिल्यांदा सीटला टेकून बसला.

मिलच्या मागच्या बाजूला आम्हाला घर मिळालं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, कोळशाची शेगडी. मिलची मालक एक बाई होती, साठीच्या पुढची, विधवा. तिचा नवरा असताना दोघं धानाचा व्यापार करायचे, तो गेल्यावर तिने मिल घातली. सगळे तिला 'मामा' म्हणायचे, म्हणजे तिकडच्या भाषेत आई. माझ्या नवऱ्याला ते काही जमेना. एका बाईला, तेही मालकिणीला, मामा कसं म्हणायचं? तो मॅडम म्हणत राहिला.

रुळायला वेळ लागला, पण फार नाही. तिकडे घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात, म्हणजे आपल्या सकाळच्या सातला ते एक वाजला म्हणतात. मालकिणीने 'दोनला ये' सांगितलं आणि नवरा जेवून, हात पुसत दुपारी दोनला गेला. ती सकाळी आठपासून वाट बघत होती. चपातीला चपातीच म्हणतात हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी बाजारात विनाकारण तीन चपात्या विकत घेतल्या. वडीलधारं माणूस भेटलं की 'शिकामू' म्हणायचं. त्याचा अर्थ पाय धरतो असा. कंबर वाकवायची नाही, नुसतं तोंडाने म्हणायचं. ही सोय मला फार आवडली.

अवघड होतं ते दुसरंच. कुडव्यात आमचं भांडण झालं की ते वाटून घ्यायला माणसं होती. मी जावेला फोन करायची, तो मिलमधल्या माणसांना सांगायचा, आणि संध्याकाळपर्यंत भांडणातला जीव निघून जायचा. तिथे भांडायला आम्ही दोघं आणि समजूत काढायलाही दोघंच. शेजारणीला त्याच्याबद्दल काही सांगायचं तर मला तेवढे शब्द येत नव्हते. एकमेकांचा कंटाळा येतो हे तिथे जाऊन कळलं. आणि कंटाळा आला तरी उठून कुठे जाता येत नाही, म्हणून माणूस परत बोलायला लागतो, हेही. दवनीवाड्यात सगळ्यांसमोर मी त्याला 'अहो, तुम्ही' करायची आणि कुडव्यात दार लावून 'तू'. तिथे दार लावायची गरज उरली नाही.

मी मिलच्या आवारात तांदूळ निवडणाऱ्या बायकांत बसू लागले. भाषा त्यांनी शिकवली, त्यातले निम्मे शब्द चारचौघांत बोलण्यासारखे नव्हते. एकदा एका शेतकऱ्याचं नमुन्याचं धान मी सवयीने दाताखाली फोडलं आणि ओलं आहे म्हणून मान हलवली. मालकिणीने ते पाहिलं. तिच्याकडे ओल मोजायचं यंत्र होतं, पण ते दर आठवड्याला बिघडायचं. दुसऱ्या दिवसापासून तिने मला धान उतरवायच्या जागी बसवलं. बाप शेतकरी, सासरा शेतकरी, मीही धानातच वाढलेली. पण धान ओळखता येण्याबद्दल कुणी पगार देईल असं आमच्याकडे कुणाला वाटलं नसतं.

मे महिन्यात नव्या धानाचा पहिला ट्रक आला, आणि तेव्हा कुठे आम्हा दोघांच्या डोक्यात उजेड पडला. नवरा ट्रककडे बघत म्हणाला, "हे त नवं धान हाय."

"दिसतंय," मी म्हणाले.

"दिवाळी कुठं अन् हे कुठं."

त्याने माझा भूगोल काढला नाही, हे त्याचे उपकार.

मी दिवसभर नवं धान दाताखाली फोडायची आणि थुंकायची. संध्याकाळी तो विचारायचा, "गिळून त नाई राहिली न?" सुरुवातीला मी हसायची, मग मीच घरी आल्यावर आधी चूळ भरायला लागले. आमच्या घरात दवनीवाड्याचा जुना तांदूळ होता. तो संपल्यावर बाजारातून मागच्या हंगामाचा आणला. आपण आपलं गुपचूप जुनं खाऊ, दिवाळीला जाऊ, कुणाला काय कळतंय, असा आमचा हिशेब होता.

त्या मिलची मात्र एक रीत होती. हंगामाचा पहिला तांदूळ निघाला की मालकीण आवारातच मोठं पातेलं चढवायची. धान आणलेले शेतकरी, व्यापारी, ट्रकवाले, निवडणाऱ्या बायका सगळे जमायचे. पहिली बशी मिल चालवणाऱ्याची. त्याने सगळ्यांदेखत खायचं, मान हलवायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा. मालकिणीने बशी भरून नवऱ्यापुढे धरली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, पोटावर हात ठेवून "दुखतंय" अशी खूण केली आणि बशी खाली ठेवली.

बहाणा वाईट होता, कारण तासाभराने तो शेडच्या मागे घरच्या डब्यावर ताव मारताना दोघांना दिसला. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं कुठल्याही देशात सापडतात. कुणी म्हणालं, मशीनचं तेल तांदळात गळतं आणि ते याला माहीत आहे. कुणी म्हणालं, पॉलिशसाठी हा भारतातून कसली तरी पावडर घेऊन आलाय. एका व्यापाऱ्याने ट्रक दारातून वळवून दुसऱ्या मिलला नेला. निवडणाऱ्या बायकांनी मला खोदून विचारलं. मी तोडक्यामोडक्या भाषेत सांगितलं की त्याच्या आईने पहिला घास दिल्याशिवाय तो नवा भात खात नाही. त्यांनी नवऱ्याच्या रुंद पाठीकडे पाहिलं आणि पोट धरून हसल्या. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी आणखी एक ट्रक वळला.

रविवारी मालकीण आमच्या घरी आली. आम्ही दोघांनी शिकामू म्हटलं, तिने ते स्वीकारलं आणि खुर्चीत बसली. सोबत झाकलेलं भांडं होतं. तिने ते टेबलावर ठेवलं. आत नवा भात होता, वाफ येत होती.

"तुला काही ठाऊक असेल तर मला सांग," ती नवऱ्याला सावकाश इंग्रजीत म्हणाली, त्याला कळावं म्हणून. "मशीनमध्ये दोष असेल तर मी मशीन बंद करीन. दोष नसेल तर खा."

नवऱ्याने त्याच्या इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. माय मदर, फर्स्ट, देन मी. मी मधे मधे भर घातली. ती ऐकत होती. तिने थट्टा केली नाही.

"तुझी आई आजारी आहे?"

"नो."

"ती इथे येणार आहे?"

"नो."

"मग तुला कोण देणार?"

ती उठली. जाताना म्हणाली, "मला समजलं. पण मी एकेका शेतकऱ्याला हे समजावत बसू शकत नाही. तुमचे राहण्याचे कागद या महिन्यात नवे करायचे आहेत. जो माझ्या मिलचा भात खात नाही त्याच्यासाठी मी ते करणार नाही." भांडं तिने तिथेच ठेवलं.

ती गेल्यावर मी म्हणाले, "खाऊन टाक."

"तू खाऊन राहिली का?"

"नाही."

"मंग?"

मग काही नाही. घासाबिसावर माझा विश्वास नाही असं मी कुडव्यात शंभरदा म्हटलं असेल. तरी वाफ जिरेपर्यंत ते भांडं टेबलावर राहिलं आणि मीही त्याला हात लावला नाही. शेवटी शेजारणीला दिलं.

मला तिथून जायचं नव्हतं. हे तोवर मी स्वतःशीही एवढं स्पष्ट बोलले नव्हते. मला ते पत्र्याचं घर आवडत होतं, उन्हात तापायचं तरी. बाजारात जाताना कुठे, कशाला, कधी येशील, हे कुणी विचारत नव्हतं ते आवडत होतं. ट्रकवाले माझ्या दातांची वाट बघत थांबायचे ते तर फारच आवडत होतं. आणि हे सगळं एका घासावर येऊन अडलं होतं, जो माझ्या हातात नव्हता.

दोन दिवसांनी नवऱ्याने दवनीवाड्याला व्हिडिओ कॉल लावला. आधी मला विचारून झालं होतं की आईने फोनवरून बघत बघत 'खा' म्हटलं तर तो तिच्या हातचा धरायचा का. मी म्हणाले, विचारून बघ. दिरांनी फोन सासूबाईंसमोर धरला.

"आई, इथं नवं धान निघालं."

"कायचं नवं? औंदा आपून अजून परे नाई टाकले."

"इथं आताच निघते. मिलमंधी सारे खाऊन राहिले. मी नाई खाल्ला."

"काऊन?"

"तुह्या हातचा नाई झाला न."

नवऱ्याचा चेहरा काहीतरी चांगलं करून शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखा झाला होता.

"मालकीन रागावून राहिली," तो म्हणाला. "नोकरीचं कठीन हाय."

"मंग मी काय करू इथून? फोनमंधून घास देऊ?" सासूबाई म्हणाल्या. "सून कुठं हाय?"

मी फोनसमोर आले.

"रांधतेस न व तू तिथं?"

"हो, आई."

"कोनाच्या चुलीवर?"

"आमच्याच."

"मंग तूच कर नवा. देवापुढं ठेव, मेलेल्यायचा वाटा काढ, अन् याले घास दे."

"पन आई..." नवरा मधेच म्हणाला.

"पन काय, बापू? इतल्या दुरून एक चूल नाई चालत." त्या रागावल्या नव्हत्या. भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलल्या. मग पडद्यावर दीर दिसले आणि म्हणाले, आई गोठ्यात गेली.

मला आनंद झाला, लपवत नाही. अडलेलं घोडं सुटलं होतं, आणि ते माझ्या हातून सुटणार होतं. मग मी नवऱ्याकडे पाहिलं.

"आईनं काय म्हटलं ते समजलं न तुले?" त्याने विचारलं.

"समजलं."

"मले वेगरं काढलं."

मी म्हणाले, असं काही नाही, तू उगाच मनाला लावून घेतोस, वगैरे. बायको म्हणून जे म्हणायचं असतं ते सगळं म्हटलं. पण मीही दवनीवाड्याचीच सून. चुलतसासऱ्यांचं मलाही माहीत होतं. त्याला ही नोकरी हवी होती आणि आईच्या ओळीतली जागाही. दोन्ही मिळणार नव्हतं, आणि त्याला निवडायला लावणारी आई होती, मालकीण नाही.

चार-पाच दिवस तसेच गेले. मिल चालू होती, ट्रक कमी येत होते. मी विषय काढला नाही, कारण मला काय हवं होतं ते त्याला ठाऊक होतं. मग एका सकाळी तो मिलमधून पिशवी घेऊन आला आणि ओट्यावर ठेवली. तांदूळ होता, नवा, त्याने स्वतः काढलेला.

"कर," तो म्हणाला.

मी केला. शेगडीवर भात ठेवला, देवाच्या फोटोसमोर वाढला, त्याच्या वडिलांचा आणि आणखी ज्यांची नावं मला माहीत होती त्यांचा वाटा केळीच्या पानावर काढला. नवरा आंघोळ करून शेगडीसमोर जमिनीवर बसला. त्याने सासूबाईंपुढे करतो तशी ओंजळ माझ्यापुढे केली. घास देताना मला लाज वाटत होती, मी सासूबाईंच्या जागेवर न सांगता बसल्यासारखी. पण मला सांगूनच बसवलं होतं.

त्याने घास खाल्ला. बराच वेळ चावला.

"चिकट हाय जरा," तो म्हणाला. "पन वास मस्त हाय."

सगळ्यात शेवटी मी खाल्ला, घरची बाई खाते तसा. दुपारी तो मिलच्या आवारात गेला, कामगारांसाठी शिजलेल्या नव्या भाताची बशी स्वतःहून मागून घेतली आणि सगळ्यांदेखत दोनदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा वाढायला मालकीण स्वतः उठली. ट्रक हळूहळू परत आले. आमचे कागद नवे झाले. दवनीवाड्याला मी आमच्या नव्याचा फोटो पाठवला होता. संध्याकाळी दिरांचा निरोप आला, आई बरं झालं म्हणते.

दिवाळीला आम्ही सुट्टीवर आलो. कुडव्याच्या खोल्या आम्ही केव्हाच सोडल्या होत्या, त्यामुळे गोंदिया स्टेशनवरून थेट दवनीवाड्याला. वाटेत दोन्ही बाजूंना धान पिवळं पडलेलं, काही कापलेलं. त्या वर्षी पाऊस लांबला म्हणून हलकं धानही उशिरा निघालं होतं आणि घरचा नवा व्हायचा होता, अगदी दुसऱ्याच दिवशी. पावसाचं आम्हाला दिरांनी सांगितलं होतं. तरी नवरा मला म्हणाला, "आपल्यासाठीच थांबली असन आई." त्याला तसं वाटायला हवं होतं, म्हणून मी मान हलवली.

सकाळी घरभर नव्या भाताचा वास होता. सासूबाईंनी देवाचं केलं, वाटा काढला आणि सगळे चुलीसमोर ओळीने बसले. दीर पहिले. नवरा लहानपणापासून बसतो तसा त्यांच्या शेजारी, धुतलेला सदरा घालून. मी जावेजवळ. सासूबाईंनी दिरांच्या ओंजळीत घास घातला आणि पुढे सरकल्या. नवऱ्याची ओंजळ समोर आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना खरंच नवल वाटलं.

"तू कायले इथं, बापू?" त्या म्हणाल्या. "तुमचा झाला न नवा. उठा, तुमचं सपरीत वाढलं."

सपरी म्हणजे पुढची ओसरी, जिथे पाहुणे बसतात. तिथे दोन खुर्च्या मांडल्या होत्या, स्टुलांवर ताटं, वडे, खीर, वांग्याची भाजी. पहाटेपासून त्या हेच करत होत्या, आमच्यासाठी. नवऱ्याची ओंजळ आणखी थोडा वेळ तशीच होती. मग तो उठला. ओळ सरकली आणि जागा भरली.

आम्ही खुर्च्यांवर बसलो. मला हवं ते सगळं मिळालं होतं, घर, काम, कागद, सगळं, आणि मला रडू आलं. मी खाली बघून वडा मोडत राहिले. आतून मुलांचा गलका ऐकू येत होता, कुणाला मोठा घास मिळाला म्हणून. नवरा जेवत होता.

आतलं आवरल्यावर सासूबाई पाण्याचे पेले घेऊन बाहेर आल्या, आधी त्याच्या हातात दिला, मग माझ्या. उंबऱ्याशी बसल्या. तिकडे ऊन कसं असतं, मालकीण नीट वागवते का, पाणी कुठून आणता, सगळं मायेनं विचारलं. त्याच्या दंडाला हात लावून, वाळला म्हणाल्या. खिरीची वाटी पुन्हा भरली.

"मंग," त्यांनी विचारलं, "घरी कवा जाऊन राहिले?"

नवऱ्याने वाटीतली खीर संपवली आणि तारीख सांगितली.